सुई, लाज आणि चार तास



हा लेख लिहू की नको यात माझे दोन महिने गेले. आपलं मासिक घराघरांत मोठ्याने वाचलं जातं, सून वाचते आणि सासरे ऐकतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा हे पान ज्यांना एकट्याने वाचायचं असेल त्यांनी एकट्याने वाचावं, पण वाचावं.

वीसेक वर्षांपूर्वी जीएनएमचा डिप्लोमा करून मी एका दवाखान्यात पुरुष वॉर्डात ड्युटी करत होते. पायाच्या जखमेसाठी भरती असलेला पन्नाशीचा एक माणूस रोज ड्रेसिंगच्या वेळी काहीतरी विचारू पाहायचा आणि गप्प बसायचा. सुट्टी मिळाली त्या दिवशी खाली मान घालून म्हणाला, "सिस्टर, शुगरनं ते बी जाते का जी?" त्याला काय विचारायचं आहे ते मला लगेच कळलं. मी म्हणाले, "ब्रदर येतील, त्यांना विचारा." ब्रदर आले नाहीत. तो पिशवी उचलून निघून गेला. उत्तर फक्त दोन शब्दांचं होतं, 'जाऊ शकतं', आणि ते मला येत होतं. तरी मी दिलं नाही.

पुढे नोकरी सोडली आणि उत्तर नागपुरातल्या आपल्या वस्त्यांत काम सुरू केलं. विहाराच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा शुगर आणि बीपी तपासते. तिथे पुरुष येतात, पट्टा बांधून घेतात, आकडा ऐकतात आणि उठत नाहीत. खोली रिकामी होण्याची वाट पाहतात. मग जे बोलतात त्यात गेल्या काही वर्षांत एक शब्द वारंवार येऊ लागला आहे: सुई. लिंगाला ताठरता यावी म्हणून घ्यायची सुई. कुणी मोठ्या डॉक्टरांकडून घेतली, कुणी भिंतीवरची जाहिरात वाचून घेतली. कुणाचं भलं झालं, कुणाचं वाटोळं झालं. त्यांतल्या काहींची परवानगी घेऊन त्यांचे अनुभव इथे देते आहे. नावं, व्यवसाय, वस्ती बदलली आहेत, ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही.

आधी थोडं शरीराबद्दल. लिंगाच्या आत स्पंजासारख्या दोन लांबट नळ्या असतात. मन आणि मज्जातंतूंचा इशारा मिळाला की तिथले स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं आणि बाहेर जायची वाट दबते. म्हणजे ताठरता हा रक्त भरण्याचा खेळ आहे. हाडाचा नाही, 'धातू'चाही नाही. ज्या गोष्टीने रक्तवाहिन्या किंवा मज्जातंतू खराब होतात त्या गोष्टीने हेही बिघडतं: मधुमेह, वाढलेला रक्तदाब, बिडी, सिगारेट, खर्रा, दारू, पाठीच्या कण्याला मार, प्रोस्टेटचं ऑपरेशन, काही गोळ्या. आणि चिंता. तरुणांत तर बहुतेक वेळा चिंताच.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून चरबीने तुंबायला लागल्या की आधी इथे कळतं. चाळिशी-पन्नाशीत ही तक्रार नव्याने सुरू झाली तर शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि हृदय तपासून घ्यावं. काही वर्षांनी येणाऱ्या हार्टअटॅकची ती आगाऊ चिठ्ठी असू शकते. भिंतीवरचा जाहिरातवाला हे कधी सांगणार नाही, कारण त्याला तुमचं हृदय बघायचंच नसतं.

उपचारात पहिली पायरी गोळीची. सिल्डेनाफिल, म्हणजे लोक जिला व्हायग्रा म्हणतात ती. अमेरिकेत १९९८ साली तिला मान्यता मिळाली. पुष्कळांना ती पुरते. पण छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसाने ती घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणून मित्राच्या खिशातली गोळी खायची नाही. शिवाय गोळीला काम करायला मज्जातंतूंचा इशारा लागतो. ते तंतूच जळून गेले असतील तर गोळी कितीही मोठी घ्या, उपयोग नाही. अशा वेळी सुईचा प्रश्न येतो.

सुईचा इतिहास गोळीपेक्षा जुना आहे. पॅरिसचे शल्यविशारद रोनाल्ड विराग यांनी १९८२ साली पापाव्हेरीन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध लिंगात टोचल्यावर काय होतं ते जगापुढे मांडलं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी लास वेगासला मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत स्वतःला सुई टोचून घेतली आणि भर सभागृहात परिणाम दाखवला. समोर डॉक्टर मंडळी आपापल्या बायकांसोबत बसली होती म्हणतात. मी हे वाचलं तेव्हा हसू आवरेना. पण एका अर्थाने त्या माणसाने लाज बाजूला ठेवून सांगितलं की हा आजार मनाचा दुबळेपणा नाही, रक्ताचा मामला आहे.

आज दोन-तीन औषधं एकेकटी किंवा मिसळून वापरतात. पापाव्हेरीन, फेंटोलामीन आणि अल्प्रोस्टॅडिल. हे शेवटचं मला आधीपासून माहीत होतं, पण वेगळ्याच कारणाने. जन्मतः हृदयात दोष असलेल्या निळ्या पडलेल्या बाळांना नवजात विभागात आम्ही तेच औषध सलाईनमधून थेंबाथेंबाने देत असू, हृदयाजवळची एक रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून. बाळांसाठीची ॲम्प्यूल फार तीव्र असते. लिंगात द्यायचा डोस त्याच्या कितीतरी अंशाने लहान, काही मायक्रोग्रॅमचा. हे लिहिण्याचं कारण एवढंच, की मेडिकल दुकानातून ॲम्प्यूल आणून घरी अंदाजाने भरणारा एक पठ्ठ्या मला भेटला आहे. त्याला मी अक्षरशः ओरडले.

आता अनुभव. पहिले काका बावन्न वर्षांचे, हमालीचं काम, मधुमेह चौदा वर्षांचा. गोळ्या दोन प्रकारच्या घेऊन झाल्या होत्या. सरकारी दवाखान्यातल्या मूत्ररोग विभागात, ज्याला युरॉलॉजी म्हणतात तिथे, डॉक्टरांनी सुई सुचवली. काका सांगतात, "मले त सुईचं नाव आइकूनच घाम फुटला. इन्सुलिनची पोटात घेतो, ते ठीक. पन तिथं?"

पहिली सुई दवाखान्यातच देतात. ती तशीच दिली पाहिजे, कारण कुणाला किती डोस लागेल हे आधी कळत नाही. अगदी कमी डोसपासून सुरुवात करायची आणि माणसाला तिथेच बसवून ठेवायचं. काकांना सुई टोचल्याचं फारसं कळलं नाही. सुई इन्सुलिनसारखीच बारीक असते. दुखलं ते नंतर. औषध आत गेल्यावर ठणका लागल्यासारखं तासभर दुखत राहिलं. अल्प्रोस्टॅडिलने बऱ्याच जणांना असं होतं. दहा-पंधरा मिनिटांत परिणाम दिसला. काका म्हणाले, "चार वर्षांनी. मी पडद्याआड बसून रडलो जी, दवाखान्यातच."

मग घरी. आणि इथे जे सुरू झालं ते कोणत्याही माहितीपत्रकात नसतं. काकांचं घर एका खोलीचं, मध्ये साडीचा पडदा, पडद्यापलीकडे म्हातारी आई आणि दोन मोठी मुलं. औषध फ्रिजमध्ये ठेवायचं आणि फ्रिज शेजारच्या वहिनींकडे. शुगरचं औषध आहे म्हणून सांगून ते दुधाच्या पिशवीमागे ठेवलं. सुई घेण्यासाठी उजेड हवा, आणि उजेड लावला की मुलगा पलीकडून विचारणार, "बाबा, काय झालं?" शेवटी मुलं कामावर गेलेली आणि आई विहारात गेलेली अशी पौर्णिमेची दुपार ते धरू लागले. हे सांगताना काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या.

काकूंचं आधी वेगळं होतं. सुईचं कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "या वयात? लोकाइले समजलं त?" महिनाभर बोलल्या नाहीत. नंतर मला एकटीला म्हणाल्या, "ताई, चार वर्षं मले वाटे का माह्यातच खोट आली. नाही त याहिनं बाहेर कोनी ठेवली." नवरा तोंड फिरवून झोपायचा, का ते सांगायचा नाही. लाज त्याची होती, संशय हिने सोसला. सुईपेक्षा मोठं काम त्या दिवशी झालं ते हे, की दोघांनी एकमेकांना विचारलं. डायबेटीसमुळे काकांची नजर अधू आहे, सिरिंजवरच्या रेषा दिसत नाहीत. काकूंनीच शिकून घेतलं. किती भरायचं, बाजूने टोचायचं, वरून नाही कारण तिथे शिरा आणि मज्जातंतू असतात, खालून नाही कारण तिथे लघवीची नळी असते, एकदा डावीकडे तर पुढच्या वेळी उजवीकडे, सुई काढल्यावर कापसाने चार-पाच मिनिटं दाबून धरायचं. सगळं दवाखान्यातल्या सिस्टरने करून दाखवलं होतं. वाचून शिकायची ही गोष्ट नाही, माझा लेख वाचूनही नाही.

त्यांनी ती आठ महिने वापरली आणि सोडली. सुई सोडणाऱ्यांची संख्या मोठी असते. कुणी दुखतं म्हणून सोडतं, कुणी खर्चामुळे, कुणाला आधी सुई भरा, टोचा, दाबा या सगळ्यात मनच लागत नाही. काकांना टोचायच्या जागी एक कडक गाठ जाणवू लागली. लांब काळ वापरल्याने आत असं कडकपण येऊ शकतं, लिंग वाकडंही होऊ शकतं, पापाव्हेरीनने जास्त. त्यांनी डॉक्टरांना दाखवलं, डॉक्टरांनी थांबवलं. आता ते दोघे काय करतात ते मी विचारलं नाही. काकू शुगर तपासायला येतात तेव्हा सोबत काकाही येतात, एवढं मी पाहते.

दुसरा भाऊ चौतीस वर्षांचा. सेंट्रिंगच्या कामावर दुसऱ्या मजल्यावरून पडला, पाठीचा कणा मोडला. ठेकेदाराने दवाखान्याचं पहिलं बिल भरलं आणि गायब झाला. कमरेखाली संवेदना नाही. व्हीलचेअर एका संस्थेकडून मिळाली. त्याला सुईचा सगळ्यांत चांगला गुण आला. मज्जातंतूंच्या दोषात औषध फार कमी लागतं, कारण रक्तवाहिन्या धडधाकट असतात. तो म्हणाला, "मॅडम, मले तिथं काही जानवत नाही. पन ते होते, आन् बायकोच्या तोंडाकडे मी पाहू शकतो. पाच वर्षं मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं."

पण त्याच्या बाबतीत एक धोका जास्त आहे. त्याला दुखणं कळत नाही. ताठरता ओसरली नाही तर दुसरा माणूस वेदनेने कळवळून उठेल, हा झोपून राहील. म्हणून त्याची बायको मोबाईलवर गजर लावते. सुई घेतली तिथून तीन तासांचा. उठून बघते. तिला ही युक्ती कुणी सांगितली नव्हती, तिने स्वतः काढली.

त्या गजरामागे काय आहे ते तिसऱ्या अनुभवातून सांगते. हा मुलगा सत्तावीस वर्षांचा, मी त्याला शाळेच्या दप्तरापासून ओळखते. मागच्या वर्षी लग्न झालं. पहिल्या आठवड्यात जमलं नाही. दोघं अनोळखी, घरात पाहुणे, बाहेर मित्रांचे फोन, 'काय रे, झालं का?' अशात कुणाचं जमेल? सकाळी झोपेतून उठताना त्याला व्यवस्थित ताठरता येत होती. हे फार महत्त्वाचं लक्षण आहे. सकाळी येते म्हणजे यंत्र चांगलं आहे, अडचण मनाच्या घाबरण्यात आहे. कुणी एक शब्द धीराचा बोललं असतं तर महिन्याभरात सगळं रुळावर आलं असतं. सुईचं त्याच्यापाशी काही कामच नव्हतं.

तो गेला रेल्वेच्या भिंतीवरच्या जाहिरातीकडे. 'मर्दानगी', 'गॅरंटी', खाली मोबाईल नंबर. अशा जाहिराती करणं हा १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे आणि नपुंसकत्वाचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. तरी भिंती रंगतात. त्या माणसाने ना शुगर विचारली, ना रक्त तपासलं. पैसे घेतले, एक सुई टोचली, औषधाचं नाव सांगितलं नाही. 'घरी जा, राजा होशील.'

घरी ताठरता आली आणि गेली नाही. दोन तास, चार तास. दुखायला लागलं. त्याने आंघोळ केली, बर्फ लावला, बायकोला काही सांगितलं नाही. त्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "चांगलंच आहे ना." पहाटे तीन वाजता मला फोन आला. आवाज ओळखू येईना. सुई घेऊन तोवर आठ तास होऊन गेले होते.

ऑटोत मी त्याला एकच प्रश्न विचारला, "तुझं सिकलचं कार्ड आहे का?" तो म्हणाला, "आहे. शाळेत तपासलं होतं. एएस."

ज्यांना या प्रश्नाचा अर्थ कळला नाही त्यांनी पुढचं नीट वाचावं. सिकलसेल हा आपल्या विदर्भात घरोघरी माहीत असलेला शब्द आहे. आदिवासी समाजात आहे, तसाच आपल्या समाजातही आहे, आणि १९५० च्या दशकापासून डॉक्टरांना तो इथे माहीत आहे. एसएस म्हणजे आजार, एएस म्हणजे वाहक. वाहकाला एरवी सहसा काही त्रास नसतो, म्हणून तो कार्ड ट्रंकेत टाकतो आणि विसरतो. पण लिंगात रक्त कोंडून राहिलं की तिथला प्राणवायू संपतो आणि नेमक्या अशाच ठिकाणी सिकलच्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्ताची वाट बंद करतात. म्हणून ज्यांना सिकलचा आजार आहे, आणि जे नुसते वाहक आहेत, त्यांनाही ही सुई देऊ नये, असं अल्प्रोस्टॅडिलच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. रक्ताचा कॅन्सर असणाऱ्यांनाही नाही. खरा डॉक्टर हे आधी विचारतो. विदर्भातल्या माणसाला सुई देताना न विचारणारा डॉक्टर माझ्या लेखी डॉक्टर नाही. आणि कुणी विचारलं नाही तर आपण आपल्या तोंडाने सांगायचं: साहेब, मी सिकलवाला आहे.

अपघात विभागात त्या रात्री जे तरुण डॉक्टर होते ते धावले, त्यांचे उपकार. त्यांनी जागा बधिर करून सुईने कोंडलेलं रक्त ओढून काढलं. ते काळं, डांबरासारखं होतं. मग रक्तदाबावर नजर ठेवत रक्तवाहिन्या आवळणारं औषध थोडं थोडं दिलं. दोन वेळा करावं लागलं. मी बाहेर बाकावर त्याच्या बायकोसोबत बसले होते. एकवीस वर्षांची पोर. तिला मी काय झालं ते सांगितलं, सगळं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मले सांगाचं होतं ना. मी त घाबरूनच होती, मलेबी नव्हतं माहीत काही."

ताठरता चार तासांवर गेली की आतल्या स्नायूंचं नुकसान सुरू होतं. दीड दिवस गेला तर जवळपास सगळंच जातं, मग आयुष्यभर काही येत नाही. म्हणून चार तास ही शेवटची रेषा समजा. तीन तास झाले की घरातून निघा. रात्र असो, पाहुणे असोत, लाज वाटो. खासगी दवाखान्यात फिरत बसू नका, मोठ्या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात जा आणि दारातच सांगा, सुई घेतली आहे आणि इतके तास झाले. कोणती सुई ते ठाऊक असेल तर रिकामी बाटली सोबत न्या.

सुईशिवायही हे होतं, आणि हे आयांसाठी लिहिते. सिकलचा आजार असलेल्या मुलांना, अगदी शाळकरी पोरांनाही, झोपेत किंवा पहाटे असं दुखरं ताठरपण येतं. मुलगा काही सांगत नाही, पोटात दुखतं म्हणून कुशीवर पडून राहतो. आईने रागावू नये, संशय घेऊ नये. त्याला भरपूर पाणी पाजावं, लघवीला पाठवावं, थोडं चालवावं, कोमट पाण्याने आंघोळ घालावी. बर्फ लावू नये, थंडीने सिकलच्या पेशी जास्त वाकतात. दोन तासांत ओसरलं नाही तर दवाखाना. आणि असं वारंवार होत असेल तर सिकलच्या डॉक्टरांना सांगावं. माझ्या माहितीतल्या एका मुलाने तीन वर्षं हे लपवलं होतं.

सुई या एका नावाखाली लोक भलत्याच गोष्टी घेतात, तेही सांगते. कमरेत देतात ती 'ताकदीची' लाल सुई म्हणजे बहुधा जीवनसत्त्व बी. लघवी पिवळी होते आणि खिसा हलका होतो, ताठरतेशी तिचा संबंध नाही. टेस्टोस्टेरॉनची सुई खरी आहे, पण रक्ताच्या तपासणीत ते कमी निघालं तरच. तपासणीशिवाय घेतली तर वीर्यातले शुक्राणू घटतात आणि मूल होण्याच्या मार्गात उलट अडथळा येतो. आपल्याच रक्तातला भाग काढून लिंगात टोचायची एक नवी टूम शहरातल्या चकाचक क्लिनिकांत निघाली आहे. ती अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, तिच्यासाठी कर्ज काढू नका. होय, कर्ज काढलेला माणूस भेटला आहे. बचत गटातून, बायकोच्या नावावर.

ज्यांना डॉक्टरांनी खरंच सुई दिली आहे त्यांच्यासाठी थोडं. चोवीस तासांत एकच, आठवड्यात तीनपेक्षा जास्त नाही, आणि काम झालं नाही म्हणून लगेच दुसरी कधीच नाही. गोळी आणि सुई एकाच रात्री नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. सुईने आजारांपासून संरक्षण मिळत नाही, निरोध लागतोच. आणि सुई घेतली म्हणजे बायकोने तयार असलंच पाहिजे असं नाही. 'एवढे पैसे घातले, आता नाही म्हणते' असं म्हणत हात उचललेला एक नवराही मी ऐकला आहे. त्याला औषधाची नाही, दुसऱ्या कशाची गरज होती. ती मी त्याच्या आईसमोर त्याला सांगितली.

वापरलेली सिरिंज कचऱ्यात टाकू नका. आपल्या वस्तीचा कचरा उचलणारे हात आपलेच आहेत, कुणाचा भाऊ, कुणाची मावशी. जाड प्लास्टिकची बाटली घ्या, सुया तिच्यात टाका, झाकण घट्ट लावा, भरली की दवाखान्यात परत द्या. माझ्याकडे आणून दिली तरी चालेल. काय आहे ते मी विचारणार नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं असं तुम्ही विचाराल. तो वाचला, पूर्ण नाही. आत थोडं कडकपण राहिलं आहे. युरॉलॉजीत त्याचे कागद चालू आहेत. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं, काही महिने घाई करू नका म्हणाले, आणि सिकल लक्षात घेऊन, स्वतःच्या देखरेखीखाली, कमी डोसची गोळी दिली. भिंतीवरच्या त्या नंबरवर आम्ही तक्रार केली आहे. नंबर बदलला आहे, भिंत तीच आहे.

मागच्या रविवारी दोघं विहारातल्या खोलीत आले होते. २०२३ पासून सरकारच्या सिकलसेल मोहिमेत तपासणी फुकट होते, तिथे तिची तपासणी मी करून घेतली होती. कारण तो एएस. तीही एएस निघाली असती तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता बाळाला आजार असण्याची. रिपोर्ट त्याने उघडला नव्हता, माझ्या हातात दिला. एए. म्हणजे बाळ झालं तर फार तर वाहक होईल, आजारी नाही. तो कागद तिने घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्याच्या कार्डाबद्दल विचारलं, ते कुठं आहे म्हणून. ट्रंकेत, तो म्हणाला. ती म्हणाली, "घरी गेल्यावर काढून पाकिटात ठेवाचं, आजच."